गाणं कुणाचं, आवाज कुणाचा, तबकडी कुणाची?

मे २०२५ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने स्वतःचेच पहिले सहा अल्बम विकत घेतल्याची बातमी आली आणि अनेक जण बुचकळ्यात पडले. गाणी तिने लिहिलेली, आवाज तिचा, मुखपृष्ठावर फोटोही तिचाच. मग विकत घेतली ती कुणाकडून? आणि इतकी वर्षं ती होती तरी कुणाची?

हे समजावून सांगायला मला सत्तर वर्षांपूर्वीचा एक अल्बम जास्त सोयीचा वाटतो. अमेरिकन गायक एल्विस प्रिस्लीचा हा पहिला अल्बम आरसीए व्हिक्टर कंपनीने मार्च १९५६ मध्ये काढला. बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम २८ मिनिटांची. त्यातलं एकही गाणं एल्विसने लिहिलेलं नाही. पाच गाण्यांचं ध्वनिमुद्रण तर आरसीएने केलेलंही नाही. तरीही अमेरिकेत अल्बमच्या खपाचा क्रम लावणाऱ्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेला रॉक अँड रोलचा हा पहिला अल्बम, आणि तिथे तो दहा आठवडे टिकला. एका अल्बममध्ये किती जणांची मालकी गुंतलेली असते, हे या एका तबकडीवरून लख्ख कळतं.

एका अल्बममध्ये तीन वस्तू

पेणच्या गणपती कारखान्याची कल्पना करा. मूर्तिकार आधी रूप ठरवतो: बैठक कशी, सोंडेचं वळण कसं, हात कुठे. मग त्या रूपाची एक मूळ मूर्ती घडते आणि तिच्यावरून साचा तयार होतो. त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघतात आणि बाजारात जातात. रूप, साचा आणि मूर्ती या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात.

अल्बमचं अगदी असंच असतं. शब्द आणि चाल मिळून होते ती रचना. ती गीतकार-संगीतकाराची असते. व्यवहारात तिचे हक्क बहुतेकदा प्रकाशक कंपनी सांभाळते आणि मिळकतीतला वाटा घेते. एखाद्या गायकाने ती रचना गायली आणि त्याचं अंतिम ध्वनिमुद्रण झालं की त्याला मास्टर म्हणतात. हा आपला साचा. तो जवळपास नेहमी ध्वनिमुद्रणाचा खर्च करणाऱ्या कंपनीचा असतो. त्यावरून निघणारी तबकडी, कॅसेट, सीडी किंवा मोबाइलवर वाजणारी फाइल म्हणजे प्रत. प्रत्येक प्रतीमागे किंवा वापरामागे मिळणाऱ्या वाट्याला रॉयल्टी म्हणतात. पुढचं सगळं समजायला एवढे शब्द पुरे आहेत.

गायक या तीन वस्तूंपैकी कशाचाच आपोआप मालक नसतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आपण म्हणतो "एल्विसचा अल्बम", पण कायद्याच्या दृष्टीने तो एल्विसने गायलेला अल्बम आहे.

करार विकला म्हणजे नेमकं काय विकलं?

एल्विस आधी मेम्फिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीत गात होता. सॅम फिलिप्स हे तिचे मालक. ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. जुलै १९५४ पासून फिलिप्स यांनी तिथे एल्विसची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्यातल्या काहींच्या पाच तबकड्या काढल्या. एका तबकडीवर दोन गाणी, दोन बाजूंना एकेक.

नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी एल्विसचा करार आरसीएला ३५,००० डॉलरला विकला. सनकडून एल्विसच्या रॉयल्टीची बाकी होती, तिच्यापोटी त्याला आणखी ५,००० डॉलर मिळाले. जेमतेम वर्ष-दीड वर्ष गाणाऱ्या मुलासाठी त्या काळात ही रक्कम अवाढव्य होती. एल्विस तेव्हा वीस वर्षांचा होता आणि सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं, म्हणून करारावर पालकांचीही सही लागली.

इतका गुणी गायक फिलिप्स यांनी हातचा जाऊ दिला, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. पण छोट्या कंपनीला गाजलेलं गाणं कधी कधी परवडत नाही. मागणी वाढली की तबकड्या छापायचे पैसे आधी मोजावे लागतात, आणि वितरकांकडून वसुली व्हायला काही महिने जातात. मोठी कंपनी हा ताण सोसते, छोटीला मात्र यशच गळफास होऊ शकतं. फिलिप्स यांच्यापुढे कार्ल पर्किन्ससारखे दुसरे गायक होते आणि त्यांच्यासाठी रोख रकमेची गरज होती. माझ्या मते त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता.

या व्यवहारात आरसीएला दोन गोष्टी मिळाल्या: यापुढे एल्विसकडून गाऊन घेण्याचा हक्क, आणि सनच्या कपाटात पडून असलेल्या टेप. पुढे गायक आला आणि मागचे साचेही त्याच्याबरोबर आले.

सात नवी, पाच जुनी

स्टुडिओ अल्बम म्हणजे खास त्यासाठी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांचा संच. मैफलीचं ध्वनिमुद्रण किंवा जुन्या गाजलेल्या गाण्यांचं संकलन वेगळं. या व्याख्येला एल्विसचा पहिला अल्बम पूर्णपणे उतरत नाही, आणि त्याचं कारण घाई होतं.

१० आणि ११ जानेवारी १९५६ रोजी आरसीएचे स्टीव्ह शोल्स यांनी एल्विसला नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाला उभं केलं. सोबत त्याचे नेहमीचे साथीदार होते: गिटारवर स्कॉटी मूर, मोठ्या बासवर बिल ब्लॅक, ड्रमवर डी. जे. फोंटाना. शिवाय गिटारला चेट अ‍ॅटकिन्स आणि पियानोला फ्लॉइड क्रेमर असे तिथले नामांकित वादक. इथे ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांपैकी तीन अल्बमसाठी घेतली. उरलेली चार न्यूयॉर्कमध्ये ३० आणि ३१ जानेवारीला झाली. त्या आठवड्यांत एल्विस टीव्हीवर गायला न्यूयॉर्कला येत होता, म्हणून मधल्या दिवसांत स्टुडिओ गाठला.

झाली सात. एलपीला, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीला, बारा हवी होती. मग सनच्या टेपमधून पाच गाणी काढली. फिलिप्स यांनी ती १९५४-५५ मध्ये ध्वनिमुद्रित केली होती, पण बाजारात आणली नव्हती. त्यामुळे हा अल्बम लक्ष देऊन ऐकला तर दोन वेगवेगळ्या खोल्या ऐकू येतात. सनच्या गाण्यांत साथ अगदी मोजकी आहे आणि आवाज जवळून येतो. फिलिप्स दोन टेपयंत्रं जोडून आवाजाचा झटक्यासारखा छोटा प्रतिध्वनी तयार करत, तो त्यांच्या स्टुडिओची ओळख बनला होता. आरसीएच्या तंत्रज्ञांना तो जसाच्या तसा जमला नाही. नॅशव्हिलमध्ये त्यांनी प्रतिध्वनीसाठी इमारतीतल्या रिकाम्या जागेचा आधार घेतला. तो खोल आणि पोकळ आला, पण वेगळा.

आज गायक आपला आवाज एका दिवशी देतो, ढोल दुसऱ्या दिवशी वाजतो, बेसूर शब्द संगणकावर सुरात आणला जातो. १९५६ मध्ये अशी पद्धत नव्हती. सगळे एका खोलीत उभे राहून एकदम वाजवत-गात. गायक आणि वादक माइकपासून किती लांब उभे आहेत, यावर आवाजाचा तोल ठरत असे. सगळं एकाच मार्गिकेवर टेप होत असे, त्यालाच मोनो म्हणतात. ड्रमवाल्याचा हात चुकला की गायकालाही सुरुवातीपासून गावं लागे. एकेका गाण्याचे अनेक टेक होत. त्यातला जो पसंत पडे, तो मास्टर. आपण ऐकतो ती दोन-अडीच मिनिटं बहुतेकदा त्या खोलीत खरोखर तशीच, सलग घडलेली असतात. मला या ध्वनिमुद्रणांबद्दल सगळ्यात जास्त प्रेम यामुळेच वाटतं.

याच नॅशव्हिलच्या सत्रात झालेलं आणि एल्विसला देशभर पोचवणारं 'हार्टब्रेक हॉटेल' मात्र या अल्बममध्ये नाही. ते २७ जानेवारीला सुटं, दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर आलं. तेव्हाचा व्यवहार असाच होता. तरुण मुलं स्वस्त छोट्या तबकड्या घेत, महागडी एलपी मोठी माणसं घेत. रॉक अँड रोलची एलपी खपेल, यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

दुसऱ्याचं गाणं असं उचलून गाता येतं का?

अल्बममधलं पहिलं गाणं 'ब्लू स्वेड शूज' हे कार्ल पर्किन्सने लिहिलं आणि सनमध्येच गायलं. त्याची तबकडी जानेवारी १९५६ च्या सुरुवातीला आली आणि महिना संपायच्या आत एल्विसने तेच गाणं न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं. ही चोरी नव्हती का?

कायद्याने नव्हती. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की रचना एकदा मालकाच्या संमतीने ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली, की दुसरा कुणीही ती आपल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित करू शकतो. मालकाला नकार देता येत नाही. फक्त ठरलेला दर द्यावा लागतो. हा दर प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट होता आणि १९७८ पर्यंत तेवढाच राहिला. म्हणजे रूप सगळ्यांना खुलं, दोन सेंट भरा आणि आपला साचा करा. पर्किन्सचा साचा मात्र कुणी वापरू शकत नव्हतं.

त्यामुळे एल्विसच्या प्रत्येक एलपीमागे रचनाकार म्हणून पर्किन्सला पैसे मिळत होते. गायक म्हणून मात्र त्याचं गाणं त्याच्या हातून निसटलं. मार्चमध्ये टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना त्याला मोटार अपघात झाला आणि तो अंथरुणाला खिळला. आज जगभरात बहुतेक जण ते एल्विसचंच गाणं समजतात.

इथे एक अवघड बाजूही सांगायला हवी. या अल्बममध्ये रे चार्ल्स, लिटल रिचर्ड आणि ड्रिफ्टर्स या कृष्णवर्णीय कलाकारांनी आधी गाजवलेली गाणी आहेत. दोन सेंटचा नियम सगळ्यांना सारखाच होता, पण ते दोन सेंट कुणाच्या खिशात जाणार, हे आधीच्या करारांवर ठरत होतं. लिटल रिचर्डच्या कंपनीने त्याच्या गाण्याचे प्रकाशनहक्क त्याच्याकडून अगदी किरकोळ रकमेला घेतले होते. म्हणजे एल्विसने ते गाणं गायल्यावर कायदा पूर्ण पाळला गेला, आणि ज्याच्या आवाजातून ते जन्माला आलं त्याच्या हाती फारसं काही पडलं नाही. हा अन्याय एल्विसने केलेला नाही, पण त्या व्यवस्थेचा फायदा त्याला झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चार डॉलरमधले किती कुणाला?

त्या काळी एलपी साधारण चार डॉलरला मिळे. आरसीएच्या करारात एल्विसची रॉयल्टी पाच टक्के होती. ढोबळ हिशेबाने एका प्रतीमागे २० सेंट. त्यातला चौथा हिस्सा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांचा, म्हणजे ५ सेंट गेले. बारा रचनांचे प्रत्येकी दोन सेंट धरले तर कमाल २४ सेंट रचनाकारांकडे गेले. त्यातलाही साधारण निम्मा भाग प्रकाशकांचा, म्हणजे गीतकाराच्या हाती एका गाण्याचा एक सेंट. उरलेल्या पैशात दुकानदार, वितरक, छपाई, जाहिरात आणि कंपनीचा नफा.

एक प्रश्न हमखास येतो: रेडिओवर गाणं वाजलं की गायकाला पैसे मिळत असतील ना? अमेरिकेत नाही. तिथे साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला रॉयल्टी मिळते. गायकाला आणि मास्टरच्या मालकाला आजही मिळत नाही. त्यामुळे दिवसरात्र रेडिओवर वाजणाऱ्या एल्विसला गायक म्हणून त्या वाजण्याचे थेट पैसे मिळत नव्हते.

म्हणूनच त्याच्या भोवतालच्या लोकांची नजर रचनेच्या हक्कांकडे वळली. हिल अँड रेंज या प्रकाशक कंपनीबरोबर एल्विसच्या नावाची प्रकाशनसंस्था निघाली. त्याने आपलं गाणं गावं असं वाटणाऱ्या गीतकारांना अनेकदा आपल्या वाट्यातला भाग सोडावा लागे. 'हार्टब्रेक हॉटेल'च्या श्रेयात तर त्याचं नाव सहलेखक म्हणून आहे, जरी ते गाणं मे अ‍ॅक्स्टन आणि टॉमी डर्डन यांचं होतं. हे मला पटत नाही. बलवान गायकाने दुबळ्या गीतकाराकडून घेतलेली ही वसुलीच होती.

पण जोखीम कंपनीनेच घेतली होती ना?

हा आक्षेप रास्त आहे. ३५,००० डॉलर आरसीएने मोजले. नॅशव्हिलची पहिली ध्वनिमुद्रणं न्यूयॉर्कच्या वरिष्ठांनी ऐकली तेव्हा त्यांना ती मुळीच आवडली नाहीत, सनसारखी वाटत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. डाव फसला असता तर शोल्स यांची नोकरी धोक्यात आली असती. दहा गायकांवर पैसे घालावे आणि एखादाच चालावा, असा हा धंदा आहे. जो चालतो, तो बाकीच्यांचा तोटा भरून काढतो. त्यामुळे मास्टरवर कंपनीचा हक्क असण्यात मला काही गैर वाटत नाही.

प्रश्न आहे तो किती काळ, आणि कोणत्या भावाने? आरसीएचा पैसा तर काही महिन्यांतच वसूल झाला. १९५६ च्या उन्हाळ्याअखेर कंपनीने या अल्बममधली बाराही गाणी सहा छोट्या तबकड्यांवर पुन्हा एकदम विकायला काढली. एकाच साच्यातून एकाच वर्षात दुसरं पीक.

पुढे १९७३ मध्ये त्याहून मोठी गोष्ट घडली. तोपर्यंतच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरची एल्विसची भविष्यातली रॉयल्टी आरसीएने ५४ लाख डॉलरला एकरकमी विकत घेतली. त्यातले अर्धे कर्नल पार्कर यांच्याकडे गेले, आणि एल्विसच्या अर्ध्या भागातून कर गेला. चार वर्षांनी, १६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्विस वारला. दुकानांतल्या त्याच्या तबकड्या संपल्या, कारखाने रात्रंदिवस चालले, आणि जुन्या गाण्यांच्या त्या विक्रीतून त्याच्या मुलीला गायकाची रॉयल्टी मिळणार नव्हती. नंतर तिच्या हितरक्षणासाठी कोर्टाने नेमलेल्या वकिलाने पार्कर यांच्या व्यवहारांवर कडक ताशेरे ओढले. भविष्य किती लांबचं आहे हे माहीत नसताना ते एकरकमी विकू नये, एवढं तरी यातून कळतं.

रिमास्टर, डिलक्स वगैरे

जुना मास्टर घेऊन त्याचा खरखराट कमी करणं, आवाजाची पातळी नीट करणं, म्हणजे रिमास्टर. नवं गायन त्यात काही नसतं. डिलक्स आवृत्तीत बहुधा वगळलेले टेक किंवा त्याच काळातली सुटी गाणी जोडतात. ज्याच्याकडे साचा, तोच हे करू शकतो. आरसीए आज सोनी म्युझिककडे आहे, म्हणून एल्विसच्या अशा आवृत्त्या सोनी काढते.

सत्तर वर्षांनंतर हे मास्टर कुणाचं?

देशानुसार उत्तर बदलतं. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९५६ च्या ध्वनिमुद्रणांना २०६६ अखेरपर्यंत संरक्षण आहे. युरोपात तेव्हा मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे हा अल्बम तिथे २००७ च्या सुरुवातीला खुला झाला. मुदत पुढे ७० वर्षांवर नेली, पण आधीच खुल्या झालेल्या ध्वनिमुद्रणांना ती लागू झाली नाही. म्हणूनच युरोपात अनेक कंपन्यांनी काढलेल्या एल्विसच्या जुन्या गाण्यांच्या सीडी दिसतात. त्या नकली नाहीत.

भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे. त्या हिशेबाने १९५६ ची ध्वनिमुद्रणं २०१६ अखेर मुदतीबाहेर गेली. पण रचनेचं संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. कार्ल पर्किन्स १९९८ मध्ये वारला, म्हणजे त्याची रचना इथे २०५८ अखेरपर्यंत राखीव आहे. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या मुलाने आपल्या लघुपटाला 'ब्लू स्वेड शूज' लावायचं ठरवलं, तर आवाजाची मुदत संपली आहे म्हणून भागत नाही. रचनेची परवानगी घ्यावीच लागते.

टेलर स्विफ्टला जमलं ते एल्विसला का नाही?

तिची पहिली कंपनी २०१९ मध्ये विकली गेली आणि तिचे मास्टर दुसऱ्यांच्या हाती गेले. टेलर तोवर ती कंपनी सोडून गेली होती आणि गाणी तिने स्वतः लिहिलेली होती. म्हणून तिने त्याच रूपाचे नवे साचे केले: २०२१ ते २०२३ दरम्यान चार अल्बम पुन्हा गायले. सिनेमात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर रचनाकाराचीही संमती लागते. ती संमती तिच्या हातात असल्याने जुन्या मास्टरच्या मालकाची अडचण झाली.

एल्विसकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. गाणी दुसऱ्यांची होती, आणि तो शेवटपर्यंत आरसीएशीच बांधलेला होता. पुन्हा गायला असता तरी तो नवा साचाही आरसीएचाच झाला असता.

आणि आपल्याकडे?

हा वाद मुंबईतही झाला आहे. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी हवी, अशी मागणी धरली. मोहम्मद रफी यांचं म्हणणं होतं की मानधन मिळालं की गायकाचा हिशेब संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात रचनाकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, आणि ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर गायकालाही वाटा मिळण्याची तरतूद आली. लताबाईंची मागणी कायद्यात यायला अर्धशतक लागलं. त्याच दुरुस्तीनुसार भारतात दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय, कायद्यातला दर भरून नव्याने ध्वनिमुद्रित करायचं तर पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं. एल्विसने एका महिन्यात केलं ते आज इथे पर्किन्सची संमती घेतल्याशिवाय करता आलं नसतं.

आज मराठीत कितीतरी मुलंमुली स्वतःची गाणी स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करत आहेत. त्यातल्या कुणाला उद्या एखादी कंपनी करार घेऊन आली, तर रकमेच्या आकड्याआधी मास्टर कुणाच्या नावावर जाणार हे कलम वाचा. मग ते किती वर्षांनी परत मिळेल आणि तेच गाणं पुन्हा गायला केव्हा मोकळीक आहे, ते पाहा. रचनेचे हक्क त्याच कागदात गुपचूप बांधलेले असतील तर ते वेगळे काढायला सांगा. कंपनी नाही म्हणाली तर निदान आपण काय देतो आहोत ते सही करण्याआधी तुम्हाला माहीत असेल.